बिगरबोर्डाची गाडी

दर रविवारी सकाळी आठच्या सुमारास आमच्या अंगणातून गाडी सुटायची. गाडी नव्हतीच, ही त्यातली पहिली भानगड. अंगात खाकी शर्ट, डोक्यावर पांढरी टोपी आणि खांद्याला पाण्याची बाटली अशा थाटात आमचे घरमालक जिन्याखाली उभे राहायचे आणि ओरडायचे, "चला, गाडी सुटली!" त्यासरशी घरातली पोरं अर्धवट विंचरलेल्या केसांनी, एक सँडल पायात आणि दुसरी हातात घेऊन खाली धावायची. मग ही वरात चालत फाटकाबाहेर पडायची. कुठं निघाली ते पोरांना माहीत नसायचं, आम्हा आयांना माहीत नसायचं आणि घरमालकांना तर मुळीच नसायचं.

आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आबा जन्मभर एस.टी.चे ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी बोलायचे ते इंजिनच्या आवाजावर आवाज चढवूनच. साधं "पानी आलं का?" विचारलं तरी शेजारची बाई गॅलरीत येऊन "आलं, आलं" म्हणायची. दुसऱ्याच्या गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायला लागायचा. माझ्या नवऱ्यानं एकदा त्यांना मोटरसायकलवरून दवाखान्यात नेलं. घरी आल्यावर तो म्हणाला, "गाडी मी चालवत होतो की ते, मला अजून कळलेलं नाही."

आम्ही मूळचे नांदेडचे. नवऱ्याला इथल्या एका फाउंड्रीत नोकरी लागली म्हणून कोल्हापुरात आलो. घर बघायला गेलं की मालक सगळं विचारून झाल्यावर, अगदी सहज म्हणून, आडनाव विचारायचे. आडनाव ऐकलं की "कळवतो" म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. आम्हालाही त्याची सवय होती. मंगळवार पेठेतल्या आबांनी मात्र दारातच विचारलं, "पोरं किती?"

मला वाटलं, इथंही काहीतरी आडवं आलंच. मी घाईघाईनं म्हणाले, "एकच मुलगी आहे, तीन वर्षांची. अगदी शांत आहे हो. तिचा काही त्रास नाही."

"शांत?" त्यांनी माझ्याकडं, मग नवऱ्याकडं बघितलं. "आजारी हाय का काय?"

तेवढ्यात लेकीनं त्यांची एक चप्पल नळाखालच्या बादलीत सोडली होती आणि दुसरीच्या मागं लागली होती. आबांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "न्हाय, न्हाय. ब्येस हाय. कवा येतासा ऱ्हायला?"

नंतर कळलं की ज्यांना लहान मूल नाही त्यांना या घरात खोली मिळतच नाही. एका नव्या जोडप्याला आबांनी "पोर झालं की या" असं सांगून परत पाठवलं होतं. आणि मूल मोठं झालं, पाचवी-सहावीत गेलं, की आबा त्याच्या बापाला जिन्यात गाठायचे. "पोरगं मिशा फुटायच्या बेताला आलं तुमचं. आता फ्लॅट बघा की." जगातले घरमालक लहान मुलं आहेत म्हणून घर देत नाहीत आणि हा माणूस ती मोठी झाली म्हणून काढतो, याचं गणित मला कधी सुटलं नाही. मी आजींना, म्हणजे आबांच्या बायकोला, विचारलं. त्या म्हणाल्या, "मला इच्यारू नगोस. मला तर हितं बिनपोराचं येऊनबी ऱ्हायाय दिलं."

आता मी कशी आहे ते सांगायला हवं. मी आखणी करणारी बाई आहे. सुट्टीच्या दिवशी लहान मुलांना कुठं न्यावं, याची फोनवर मिळेल तेवढी माहिती मी वाचते. कोल्हापुरात आल्याबरोबर माझा सगळा बेत तयार होता. एका रविवारी रंकाळा, पुढच्या रविवारी पन्हाळा, मग राजवाड्याचं संग्रहालय, मग बागेतली छोटी आगगाडी. त्यामुळं पहिल्या रविवारी आबांनी हाक मारली तेव्हा मीही तयार होऊन खाली आले. पिशवीत सँडविच, लेकीचे जादा कपडे, टोपी, डासांचं मलम, सगळं होतं. तळमजल्यावर गडहिंग्लजच्या वहिनी राहायच्या. त्या आपल्या यशला सोडायला दारापर्यंत आल्या आणि माझ्या पिशवीकडं बघून हसल्या. का हसल्या ते मला तेव्हा कळलं नाही.

"आबा, कुठं जायचं आज?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत?" ते म्हणाले आणि लेकीसमोर गुडघ्यावर हात ठेवून वाकले. घरात सगळ्यात लहान तीच. "बोला म्याडम. कुठं?"

लेकीनं समोरच्या कुत्र्याकडं बोट केलं. आम्ही कुत्र्याच्या मागं निघालो. मला वाटलं गंमत आहे, कोपऱ्यापर्यंत जाऊ आणि मग रिक्षा करू. कुत्रं मटणाच्या दुकानाकडं गेलं. रविवार असल्यानं तिथं अर्धी पेठ रांगेत उभी होती. आम्हीही उभे राहिलो, पण मटण घ्यायला नाही, कुत्रं बसलं म्हणून. तिथून यशला पंक्चरचं दुकान दिसलं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवायचा आणि बुडबुडे यायचे. पोरं पाण्याच्या त्या घमेल्याभोवती जी बसली ती उठेचनात. आबाही पोरांच्या शेजारी उकिडवे बसून "आला, आला, हितनं आला!" म्हणून ओरडत होते. माझी सँडविच फुटपाथवर संपली. त्यातलं एक पंक्चरवाल्यानंही खाल्लं.

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "कुठं फिरून आलात?"

"पंक्चरच्या दुकानात."

"अरेरे. कुणाची गाडी?"

कुणाची गाडी, हे मी त्याला काय सांगणार होते?

पुढच्या रविवारी मी युक्ती केली. जिन्यातच लेकीला सांगून ठेवलं, "आबांनी विचारलं की रंकाळा म्हण. तिथं भेळ देते." कोपऱ्यावर आबा वाकले, त्यांनी विचारलं आणि माझी लेक खणखणीत आवाजात म्हणाली, "आई म्हणाली रंकाळा म्हण!"

आबा सावकाश सरळ झाले. "आईचं तिकीट हितं चालत न्हाय," ते मला म्हणाले. मग भर रस्त्यात त्यांनी मला समजावून सांगितलं. "जल्मभर बोर्ड लावून गाडी चालवली मी. बोर्डावर गारगोटी म्हंजी गारगोटीलाच जायचं. मधी चांगली सावली दिसली, तळ्याकाठी म्हशी डुंबाय लागल्या, तर थांबाय येतंय व्हय? मागनं मानसं बोंबलत्यात. आता ही आपली बिगरबोर्डाची गाडी हाय. ठिकान तुमास्नी पायजे. पोरास्नी वाट घावली की झालं. मोठी मानसं आली की गाडीला बोर्ड लागतोय. फुडच्या खेपंपास्नं तुमी घरात बसा."

मला भयंकर राग आला. पण खरं सांगायचं तर रविवारची मोकळी सकाळ मला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होती. वहिनी तर या गाडीवर मनापासून खूश होत्या. पोरं अकराच्या आत घरी यायची. तोवर आमच्या अंघोळी निवांत व्हायच्या, रस्सा शिजायचा, कधी कधी डुलकीही लागायची. पोरं काय बघून यायची ते मात्र आम्हाला धड कळायचं नाही. लेक सांगायची, "आज आम्ही एका काकांचं घर पाडताना बघितलं," किंवा "आज आम्ही बसलो." कुठं बसलो? "खाली." तिची भाषाही बदलली. इथल्या बायका स्वतःबद्दल मी जातो, मी खातो असं बोलतात. आमची पोरगी तसंच बोलायला लागली आणि नांदेडची आजी फोनवर गोंधळून विचारायला लागली की तुमच्याकडं कुणाचा मुलगा आलाय का.

एकदा संध्याकाळी आबांनी पोरांना गंगावेशीत नेलं. तिथं रस्त्याच्या कडेला म्हशी बांधून गिऱ्हाईकासमोर धार काढून देतात आणि लोक उभ्या उभ्या ते कोमट दूध पितात. माझी लेक घरी दुधाचा पेला बघितला की रडायची. तिथं ती मिशीभर फेस लावून दुसरा पेला मागत होती म्हणे. दुसऱ्या दिवशी मी दूध दिलं तर म्हणाली, "हे नको, म्हशीतलं पाहिजे." पुढं आठवडाभर, म्हैस वरच्या मजल्यावर का आणता येत नाही, हे मी तिला समजावत होते.

अशी दोन वर्षं गेली. लेक पाच वर्षांची झाली. बाकीची पोरं मोठी होऊन गेली, गाडीत ती आणि यश एवढीच उरली. आणि एका रविवारी गाडी परत आलीच नाही.

अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. वहिनी आणि मी रंकाळ्यावर जाऊन आलो, खासबाग मैदानापर्यंत गेलो, पंक्चरच्या दुकानात विचारलं. आबांना फोन लावला तर तो त्यांच्याच खोलीत कोनाड्यात वाजला. आजी मेथी निवडत बसल्या होत्या. निवडलेल्या काड्या भाजीत टाकत होत्या आणि पानं कचऱ्यात. नवरा पोलीस चौकीत जायला निघाला, तेव्हा संध्याकाळचे पाच वाजत आले होते. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला ती तिघं दिसली. पायांवर लाल माती आणि प्रत्येकाच्या हातात उसाचं कांडं.

वहिनींनी यशला पोटाशी धरलं. "यव्वा! जीव गेलता माझा! आबा, ह्ये काय वागनं झालं?"

आबा हसत होते, पण ते हसणं नेहमीचं नव्हतं. सगळे का ओरडतायत हे त्यांना कळत नव्हतं असं वाटलं. "पोरीनं गाडी दावली," ते म्हणाले. "लाल गाडी. बसलो. ती गारगोटीची निगाली. मी काय करू?"

त्या संध्याकाळी लेकीचे पाय धुताना मी तिला रागानं म्हणाले, "घरी चला म्हणून सांगता आलं नाही आबांना?"

"सांगितलं की," ती म्हणाली. "पण आबांना घर सापडत नव्हतं. मग मी दाखवलं."

"म्हणजे?"

"मीच दाखवतो रोज. आबा विचारतात, आता कुठं? मी म्हणतो, हिकडं. यशला येत नाही. मला येतं." तिला आपल्या हुशारीचं फार कौतुक वाटत होतं. "आबांना तर काहीच येत नाही."

जाताना पोरांनी वाट दाखवायची, हा खेळ मला माहीत होता. पण परत येताना कोण दाखवतं, हा विचार मी कधी केलाच नव्हता. जो माणूस सगळ्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर गाडी चालवून थकला, त्याला मंगळवार पेठ सापडेना? की परत येतानाही खेळच चालू ठेवत होते? वहिनी आणि मी आठवायला बसलो. मध्यंतरी ते यशला दुसऱ्याच नावानं हाक मारत होते. पण या घरात इतकी पोरं येऊन गेली की नावं चुकणारच. एकदा भरदुपारी ते सरळ आमच्या खोलीत येऊन कॉटवर बसले आणि मला बघून म्हणाले, "मजला चुकला की!" पण मजला कुणाचाही चुकतो. प्रत्येक गोष्टीला दोन अर्थ लागत होते आणि दोन्ही खरे वाटत होते.

नवरा म्हणाला, "ते काही का असेना. पोरीला पाठवणं बंद." वहिनींनी तर यशला रविवारी पहाटेच मामाकडं धाडायचं ठरवलं. त्यांचं काही चुकत नव्हतं. माझी पाच वर्षांची पोर एका म्हाताऱ्याच्या हाताला धरून शहरभर फिरते आणि त्याला घर माहीत आहे की नाही हे मला माहीत नाही, असं म्हटल्यावर कुठली आई पाठवेल? पण ज्या माणसानं पोरीकडं बघून घर दिलं, त्याच्यापासून पोरगीच काढून घ्यायची, हेही माझ्यानं होईना. शनिवारी मी आबांना म्हटलं, "उद्या मी येते बरोबर. मागं मागं चालेन, एक शब्द बोलणार नाही."

"मग मी न्हाय येत," आबा म्हणाले आणि टोपी काढून खुंटीला लावली.

रविवारी मात्र टोपी डोक्यावर होती. "चला, गाडी सुटली!" आवाज सगळ्या गल्लीत घुमला. खाली दुसरं कुणीच नव्हतं. लेक माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली. नवरा पहिल्या पाळीला गेलेला. मी म्हणाले, "जा." आणि ती फाटकाबाहेर पडल्यावर पायात चपला सरकवून मागोमाग निघाले.

आपल्याच मुलीचा चोरून पाठलाग करणं फार अवघड काम आहे. मी उभ्या स्कूटरींच्या आडोशानं चालत होते. एका भाजीवाल्यानं विचारलं, "ताई, काय पडलं काय तुमचं?" मी काहीतरी पुटपुटले. पुढं ती दोघं प्रत्येक कोपऱ्यावर थांबायची, आबा वाकायचे, लेक बोट करायची. एका घराचा स्लॅब टाकत होते, तिथं त्यांनी काँक्रीट कालवणाऱ्या यंत्राचं गरगरणं बराच वेळ बघितलं. मग दोन गल्ल्या ओलांडून ती मागच्या बाजूनं आमच्याच गल्लीत शिरली. मला हायसं वाटलं.

आजी पायरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. आबा त्यांच्यासमोर येऊन थांबले. टोपी जराशी वर करून म्हणाले, "काय पावणं, बरं हाय न्हवं?"

पावणं म्हणजे इथं अनोळखी माणूस. आजींनी सुपातून मान वर केली. "बरं हाय की. पोरगी कुनाची?"

"माजीच. लई हुशार हाय."

"कुठं निगालासा?"

"ही न्हेईल तिकडं," आबा म्हणाले आणि आपल्या घरावरून पुढं निघून गेले.

गल्लीच्या टोकाला आबा पुन्हा वाकले. लेकीनं त्यांचा हात ओढला, त्यांना उलटं फिरवलं आणि पायरीपाशी आणून उभं केलं. "आबा, इथं."

"हितं व्हय?" त्यांनी मान मागं टाकून तीन मजले बघून घेतले. "ब्येस हाय घर." आणि आत गेले. पुढच्याच क्षणी आतून त्यांचा नेहमीचा आवाज आला. "अगं ए, रस्सा झाला का न्हाय अजून?"

मी आजींच्या शेजारी पायरीवर बसले. "आजी, थट्टा करतात का ते?"

"लगीन झाल्यापास्नं करत्यात," त्या म्हणाल्या. "ड्यूटीवरनं आले की दारात हुबं ऱ्हाऊन असंच इच्यारायचे. काय पावणं, बरं हाय न्हवं. आन मीबी बरं हाय म्हनतो."

"म्हणजे आताही थट्टाच?"

त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "त्येच कळंना झालंय मला. कवा थट्टा असती, कवा नसती. मी आपलं उत्तर द्येतो." जरा थांबून म्हणाल्या, "परवा एकलेच बाहीर गेलते. पार रंकाळ्यापास्नं एका रिक्षावाल्यानं आनून सोडलं. तुजी पोरगी संगं असली की घरला येत्यात. तिला बंद करू नगोस, बाई."

"आणि एखाद्या रविवारी तीही चुकली तर? पाच वर्षांची आहे ती, आजी." माझा आवाज चढला. मला त्यांचा रागच आला होता. हे सगळं माहीत असून त्यांनी आमची पोरं आबांबरोबर जाऊ दिली. आणि त्याच वेळी त्यांना मिठी मारून रडावंसंही वाटत होतं.

"तेबी खरं हाय तुजं," आजी म्हणाल्या आणि पुन्हा तांदळात बघायला लागल्या.

त्यानंतर मी दर रविवारी चोरून मागं जायला लागले. नवऱ्याला ते सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे म्हाताऱ्याला पोरगी सांभाळणार आणि पोरीला तू. मग नेणारं कोण आहे?" पण त्यानं मोडता घातला नाही. आठच्या ठोक्याला ती दोघं पुढं निघायची आणि जरा अंतर ठेवून मी. कधी आबा वाटेत थांबून झाडाकडं असं बघायचे की त्यांना सगळं आठवतंय असं वाटावं. कधी ओळखीचा माणूस रामराम करायचा आणि हे नुसते बघत राहायचे. एकदा तर त्यांनी एका रिक्षावाल्याला गडहिंग्लजच्या जुन्या रस्त्यावरची सगळी वळणं न चुकता ओळीनं सांगितली. मला काहीच ठरवता यायचं नाही.

मग एका रविवारी, शाळेसमोरच्या चौकात, आबा नेहमीसारखे वाकले. "बोला म्याडम. कुठं?"

लेकीनं बोट केलं नाही. मागं वळून बघत ती मोठ्यांदा म्हणाली, "आबा, आई मागून येते रोज. ती बघा, स्कूटरमागं."

आबा वळले. मी स्कूटरच्या सीटवर हात ठेवून उभी होते. आता लपण्यात अर्थ नव्हता. मला वाटलं, संपलं. आता ते घरी जाऊन टोपी खुंटीला लावतील आणि पुन्हा काढणार नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कोण आहे हे त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. मग ते लेकीकडं वाकले आणि पहिल्यांदाच अगदी हळू आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेतानं, म्हणाले,

"येऊ दे की तिला. तिलाबी घर घावंना झालं असंल."

लेकीनं आपला मोकळा हात माझ्याकडं केला.